सदस्याच्या प्रोफाइलवर भाषेची पातळी दाखवायची, ती नेमकी कशी?

पाटीपेन्सिल

भाषा शिकणाऱ्यांसाठीच्या एका संकेतस्थळाची सदस्य-पानं नव्याने बांधायची आहेत. मराठी, कोंकणी, उर्दू, जपानी, जर्मन आणि फ्रेंच या तिथल्या मुख्य भाषा. सध्या प्रत्येक भाषेपुढे एक ते पाच तारे असतात आणि ते सदस्य स्वतःच देतो. त्यातून घोळ होतो. जपानीला चार तारे म्हणजे कादंबरी वाचणाराही, आणि मालिका बघून संवाद समजणारा पण कांजी (जपानीतली चित्राक्षरं) न येणाराही. मराठीला तीन तारे लावणाऱ्यांत घरात अस्खलित बोलणारी पण देवनागरी न येणारी परदेशातली मुलं आहेत, तसेच देवनागरी झरझर वाचणारे पण मराठीत एक वाक्य न बोलता येणारे हिंदीभाषकही आहेत. सरावाला जोडीदार शोधताना ही सगळी एकाच यादीत येतात.

कुठली मोजपट्टी घ्यावी? मातृभाषा कुठे बसवावी? प्रमाणपत्रं दाखवावीत का? मोबाइलवर नावाखाली जेमतेम दोन ओळींची जागा आहे, तेही लक्षात घेऊन सुचवा.

तर्जुमा

मोजपट्टीच्या आधी एक गोष्ट ठरवा: ही माहिती वाचून समोरचा काय करणार आहे? उत्तर देणाऱ्याला हवं असतं की मी किती सोप्या भाषेत लिहू. आपल्या लेखनाची दुरुस्ती मागणाऱ्याला हवं असतं की ह्याच्या दुरुस्तीवर विसंबू का. गप्पांना जोडीदार शोधणाऱ्याला हवं असतं की दहा मिनिटं बोलणं चालेल का. एका आकड्यातून ही तिन्ही उत्तरं मिळत नाहीत.

भाषेबद्दल प्रश्न विचारायच्या हायनेटिव्ह या संकेतस्थळाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर फार चांगलं काढलं आहे. तिथे प्रश्नकर्त्याच्या नावाजवळच्या खुणेचा अर्थ ‘मध्यम’ किंवा ‘प्रगत’ असा नसतो. ‘या भाषेतली छोटी उत्तरंही समजायला जड जातात’, ‘साधे प्रश्न विचारता येतात आणि साधी उत्तरं समजतात’ अशी वाक्यं तिला जोडलेली असतात. उत्तर देणाऱ्याला लगेच कळतं की आपण किती सोपं लिहायचं.

तातोएबा या संकेतस्थळाचा प्रश्न वेगळा आहे. तिथे वाक्यांचा संग्रह आहे, म्हणून वाक्य मातृभाषकाने लिहिलं आहे का हे महत्त्वाचं. सदस्य प्रोफाइलवर भाषा आणि पातळी नोंदवतो, आणि स्वतःला मातृभाषक म्हणवणाऱ्यांचीच वाक्यं शोधात गाळून घेता येतात. विकिपीडियाच्या सदस्यपानावर कुठली भाषा किती येते ते दाखवणाऱ्या बाबेल चौकटींना तिसरंच काम आहे: भाषांतराला किंवा वाद सोडवायला माणूस शोधणं. म्हणून तिथे ० ते ५ आणि मातृभाषेसाठी ‘एन’ अशी खूण असते, आणि चौकट लावली की सदस्य त्या भाषेच्या वर्गात आपोआप जातो.

तुमच्याकडे ही तिन्ही कामं दिसतात. तेव्हा एका खुणेत सगळं बसवायचा हट्ट सोडा.

उमलाउट

मोजपट्टी सीईएफआरचीच (भाषेच्या पातळ्यांची युरोपीय चौकट) घ्या, दुसरी बनवू नका. काउन्सिल ऑफ युरोपने ती २००१ साली प्रसिद्ध केली. ए१ ते सी२ या सहा पातळ्या आता जर्मन-फ्रेंच शिकणाऱ्या कुणालाही समजावून सांगाव्या लागत नाहीत. २०२० च्या पूरक खंडात ए१ च्याही आधीची एक पायरी सविस्तर दिली आहे. तुमच्या नवशिक्यांना ती उपयोगी पडेल, कारण लिपी शिकत असलेल्या माणसाला ए१ म्हणणं बरोबर नाही.

मात्र सीईएफआर घेतली म्हणजे ‘जर्मन बी२’ एवढं लिहून मोकळं व्हायचं, असं नाही. त्यातला स्वयंमूल्यमापनाचा तक्ताच पाच कौशल्यांचा आहे: ऐकणं, वाचणं, संवाद, सलग बोलणं आणि लिहिणं. युरोपीय संघाच्या युरोपास या नमुन्याच्या सीव्हीतही भाषेपुढे हेच पाच रकाने असतात.

परीक्षेचा निकाल कौशल्यं कशी झाकतो त्याचं उदाहरण देतो. फ्रेंचच्या देल्फ बी२ परीक्षेत चार भाग, प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० लागतात आणि कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे वाचनात २२, ऐकण्यात १६, लेखनात १४ आणि बोलण्यात ६ मिळवणाराही बी२ उत्तीर्ण. प्रमाणपत्र खरं आहे, पण त्याला बी२ समजून बोलायला बसलेल्या जोडीदाराची पंचाईत होणार. उलट गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मनच्या बी१ आणि बी२ परीक्षेत चारही भाग सुटे देता येतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात आणि प्रत्येकाचं प्रमाणपत्र वेगळं मिळतं. तुमच्या नोंदीतही भाग सुटे ठेवा.

कांजीकट्टा

जपानीसाठी याहून जास्त काळजी घ्यावी लागेल. जेएलपीटी या जपानीच्या प्रमाणपत्र परीक्षेत बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षाच नाही. शब्दसंपदा-व्याकरण, वाचन आणि श्रवण एवढंच, तेही पर्याय निवडून. एन१ हा सर्वांत वरचा स्तर उत्तीर्ण झालेल्याने फोनवर एकदाही जपानी बोललेलं नसू शकतं. तेव्हा ‘एन१’ निवडल्यावर पाचही रकाने आपोआप भरणारी सोय अजिबात करू नका. बोलणं आणि लिहिणं रिकामंच राहू दे.

सीईएफआरशी सांगड घालतानाही सरसकट ‘एन१ म्हणजे सी१’ असं कोष्टक लावू नका. डिसेंबर २०२५ च्या परीक्षेपासून गुणपत्रकावर सीईएफआरची संदर्भपातळी येते आणि ती एकूण गुणांवर ठरते. एन१ ला १८० पैकी १०० ते १४१ मिळाले तर बी२, १४२ पासून पुढे सी१. एकाच एन१ च्या दोन पातळ्या झाल्या. शिवाय २०१० च्या आधी या परीक्षेचे चारच स्तर होते, ४ ते १. जुन्या सदस्यांकडे ‘दुसरा स्तर’ असलेलं प्रमाणपत्र असतं आणि तो आजचा एन२ च, पण जुना तिसरा स्तर म्हणजे आजचा एन३ नव्हे. एन३ ही नंतर मधे घातलेली पायरी आहे. यादीत जुने स्तर वेगळे द्या, नाहीतर लोक ‘३’ बघून एन३ निवडतील.

गोंयचो_वाचपी

लिपीचा रकाना वेगळा हवा, आणि तो कोंकणीसाठी सर्वांत आधी हवा. कोंकणी देवनागरी, रोमी (रोमन), कन्नड, मल्याळम आणि फारसी-अरबी अशा पाच लिप्यांत लिहिली गेली आहे. १९८७ च्या गोव्याच्या राजभाषा कायद्यात कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी. पण रोमीत वाचणारा मोठा वर्ग आहे, आणि मंगळूरकडे कन्नड लिपी चालते. ‘कोंकणी, वाचन सी१’ असं नुसतं लिहिलेल्या माणसाला देवनागरी मजकूर पाठवला आणि तो रोमी वाचणारा निघाला, तर पातळीचा उपयोग काय?

भाषांच्या यादीबद्दलही सांगतो. आयएसओ ६३९-३ या भाषासंकेतांच्या आंतरराष्ट्रीय यादीत कोंकणीसाठी एक छत्रीसंकेत आहे आणि त्याखाली गोंयची कोंकणी वेगळी नोंदली आहे. अहिराणी आणि वऱ्हाडी यांनाही स्वतंत्र संकेत आहेत. यादी फक्त राज्यभाषांची ठेवली तर अहिराणी बोलणाऱ्याला ‘मराठी’ निवडावं लागतं, आणि अहिराणी शिकू पाहणाऱ्याला तो कधी सापडत नाही.

झेंडे तर काढूनच टाका. मराठी, कोंकणी, उर्दू तिघींनाही तिरंगा लावायचा? मग फरक काय दिसणार? त्या भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा, शेजारी वाचणाऱ्याच्या भाषेत.

अर्धविराम

सगळं पटतंय, पण एक व्यावहारिक अडचण. पाच कौशल्यं, त्यात लिपी, त्यात परीक्षा, आणि माणूस चार भाषा नोंदवणार. म्हणजे नोंदणीच्या वेळी वीस-पंचवीस रकाने. लोक पहिल्या पानावरूनच परत जातील, किंवा जो पर्याय आधी दिसेल तो दाबून पुढे सरकतील. मग तुमच्याकडे भरपूर माहिती असेल आणि तिच्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

तर्जुमा

@अर्धविराम, बरोबर आहे, म्हणून भाषेच्या भूमिकेनुसार प्रश्न बदलावेत. नोंदणी करताना फक्त दोन गोष्टी: माझी भाषा कुठली, शिकायची कुठली. ‘माझी भाषा’ म्हटल्यावर पातळी विचारूच नका, फक्त ‘कुठली लिपी वाचता-लिहिता येते’ एवढं विचारा. परदेशातल्या मराठी मुलांचा प्रश्न त्या एका टिचकीत सुटतो.

शिकायच्या भाषेसाठी सुरुवातीला दोनच पट्ट्या: ऐकणं-बोलणं आणि वाचणं-लिहिणं. बाकीची फोड सदस्याने पहिली दुरुस्ती मागितली किंवा जोडीदार शोधला की तेव्हा विचारा. त्या वेळी त्याला ती सांगण्याचं कारण असतं, म्हणून तो नीट भरतो.

उमलाउट

दोन पट्ट्यांना माझा विरोध नाही, पण ऐकणं आणि बोलणं एकत्र केल्याने उर्दूचं वाटोळं होईल. हिंदी येणाऱ्याला रोजची उर्दू ऐकून बरीच कळते, पण बोलताना तो हिंदीच बोलतो आणि नस्तालीक (उर्दूच्या लिपीचं वळण) वाचता येत नाही. त्याचं ऐकणं बी२, बोलणं ए२, वाचन शून्य. मराठी माणसाचं कोंकणीबाबत असंच होतं. जवळच्या भाषांसाठी ऐकणं सुटंच हवं.

तर्जुमा

मान्य. मग तीन करा: ऐकणं, बोलणं, वाचणं-लिहिणं.

कळफलक

साठवणुकीबद्दल लिहितो, कारण नंतर दुरुस्त करायला हेच सर्वांत महाग पडतं.

सदस्यांच्या तक्त्यात ‘जपानी_पातळी’, ‘जर्मन_पातळी’ असे स्तंभ वाढवू नका. वेगळा तक्ता करा आणि प्रत्येक नोंद अशी ठेवा: सदस्य, भाषेचा संकेत, लिपीचा संकेत, कौशल्य, पातळी, आधार, कधी नोंदवली, कोणाला दिसावी. ‘आधार’ म्हणजे स्वतः सांगितलेली, परीक्षेने मिळालेली की शिक्षकाने दिलेली. भाषा आणि लिपी यांचे संकेत बीसीपी ४७ या भाषासंकेत लिहिण्याच्या मानकाच्या पद्धतीने जोडता येतात, त्यामुळे मोडीतली मराठीसुद्धा नोंदवता येईल. मोडीला स्वतःचा लिपीसंकेत आहे आणि २०१४ पासून ती युनिकोडमध्येही आहे.

पातळी अक्षरांत साठवू नका. ए१ ला १०, ए२ ला २०, बी१ ला ३० असे मधे जागा सोडून आकडे द्या. उद्या बी१ आणि बी२ मधली ‘बी१ अधिक’ ही पायरी घ्यायची ठरली तर ३५ तयारच आहे. ‘बी१ किंवा वर’ असा शोधही सरळ ‘३० पेक्षा कमी नाही’ असा होतो.

‘सांगितलं नाही’ आणि ‘येत नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. न भरलेला रकाना रिकामाच राहिला पाहिजे, शून्य नको आणि १ तर नकोच. फॉर्ममध्ये पट्टीचा ठोकळा आधीपासून पहिल्या खुणेवर उभा असला की हात न लावणाऱ्या प्रत्येकाची ‘नवशिका’ अशी नोंद होते, आणि नंतर खरे नवशिके त्यातून वेगळे काढायचा काहीच मार्ग राहत नाही. तुमच्या ताऱ्यांच्या माहितीत एक तारा असलेल्यांची संख्या अवाजवी मोठी दिसली तर आधी हे तपासा.

पाटीपेन्सिल

@कळफलक, तपासलं. एक तारा हाच आधीपासून निवडलेला पर्याय आहे. जुनी माहिती कशी हलवायची तेही सांगा. आणि मातृभाषा सी२ च्या वर दाखवावी की सी२ सारखीच?

उमलाउट

दोन्ही नाही. मातृभाषा ही पट्टीवरची जागाच नाही. सीईएफआरच्या मूळ दस्तऐवजातच म्हटलं आहे की सी२ म्हणजे मातृभाषकाची किंवा त्याच्या जवळपासची क्षमता, असा अर्थ घेऊ नये. सी२ हे शिकून मिळवलेलं प्रभुत्व. मातृभाषक असून औपचारिक पत्र लिहिता न येणारे असतात, आणि सी२ असून अंगाईगीत न येणारे असतात. ‘ही माझ्या घरची भाषा’ अशी एक वेगळी खूण ठेवा. कुणाच्या दोन असतील तर दोन्हींना लावू द्या. बेळगाव किंवा इंदूरच्या घरात एकच निवडायला लावणं अन्यायाचं होईल.

शाईदौत

सगळी चर्चा पातळी दाखवण्यावर चालली आहे, पण ती ठरवणार कशी? ‘तुमची पातळी निवडा’ म्हटलं की नवशिका वरची निवडतो आणि चांगलं येणारा संकोचाने खालची. पातळीचं नाव न दाखवता कामं विचारा. सीईएफआरची ‘मला हे करता येतं’ पद्धतीची विधानं आहेत, पण ती शब्दशः भाषांतरित करून मराठी शिकणाऱ्यापुढे ठेवू नका, इथली परिस्थिती घालून लिहा. मराठी बोलण्या-ऐकण्यासाठी मी असं सुचवेन:

ए१ साठी: नाव, गाव, घरात कोण कोण हे सांगता येतं. भाजीचा भाव विचारता येतो आणि ‘वीस रुपये पाव’ कळतं.

ए२ साठी: एसटीच्या चौकशी खिडकीवर गाडी विचारल्यावर ‘पावणेसातची गेली, सव्वाआठची लागेल’ हे उत्तर एकदाच ऐकून समजतं. मराठीत ही खरी कसोटी आहे. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे आणि एकोणसाठ-एकोणसत्तर हे ज्याला ऐकून पटकन कळत नाहीत त्याचं ऐकणं अजून पक्कं झालेलं नाही, मग त्याला काळ आणि विभक्ती कितीही पाठ असोत.

बी१ साठी: सिलिंडर आला नाही तर एजन्सीला फोन करून नोंदणी कधी केली, कितीदा फोन केला हे क्रमाने सांगता येतं. पलीकडच्याने उलट प्रश्न विचारले तरी संभाषण हिंदीवर जात नाही.

बी२ साठी: सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठरावाला हरकत घेता येते, कारणं देता येतात, आणि कुणी मधेच तोडलं तर आपला मुद्दा पुन्हा उचलता येतो.

सी१ साठी: तोच विषय शेजारणीशी एका भाषेत आणि तहसील कार्यालयात दुसऱ्या भाषेत बोलता येतो. कुणी ‘या आता, बसा डोक्यावर’ म्हणालं तर ते आमंत्रण नाही हे कळतं.

प्रत्येक पातळीला प्रत्येक कौशल्याची पाच विधानं पुरेत. उत्तरं तीनच: सहज, अडखळत, नाही. पाचपैकी चार सहज असतील तर ती पातळी धरा, आणि दोन लागोपाठ पातळ्यांवर ते जमलं नाही की त्यांच्या वरच्या पातळ्यांची विधानं विचारू नका. विधानं चढत्या क्रमाने लावू नका. क्रम दिसला की लोक कुठे थांबायचं ते आधी ठरवतात आणि त्याप्रमाणे उत्तरं देतात.

वाचनाच्या विधानांत हिंदीवाल्यांसाठी एक खास हवं. देवनागरी ओळखीची असल्याने त्यांना पाटी, बातमीचा मथळा वाचता येतो आणि ते बी१ लावून टाकतात. त्यांना मोठ्याने वाचता येतं का हे विचारू नका, वाचून काय कळलं ते विचारा. मोठ्याने वाचायचंच असेल तर ‘चार’ आणि ‘चाक’ मधला च वेगळा होतो का, हे बोलण्याच्या भागात तपासा.

कांजीकट्टा

विधानांची कल्पना उत्तम आहे. प्रमाणपत्राबद्दल एवढंच जोडतो की नुसतं ‘एन२’ न दाखवता ‘एन२, २०१६’ असं वर्षासकट दाखवा. जेएलपीटी आणि देल्फच्या प्रमाणपत्रांना मुदत नाही, टोपिक या कोरियनच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरतात. पण मुदत असो वा नसो, भाषा सोडली की बोलणं सर्वांत आधी आटतं. वर्ष दिसलं की वाचणारा स्वतः अंदाज करतो. पातळी आपोआप खाली आणू नका, लोक दुखावतात. वर्षातून एकदा ‘अजून असंच आहे का?’ एवढं विचारा.

कुलूपकिल्ली

प्रमाणपत्र अपलोड करून घेणार असाल तर थांबा. त्यावर पूर्ण नाव, जन्मतारीख, परीक्षा क्रमांक आणि कधीकधी फोटोही असतो. भाषेची पातळी दाखवायला यातलं काहीही साठवायची गरज नाही. तपासणाऱ्याने बघावं आणि परीक्षा, स्तर, भागनिहाय गुण, वर्ष आणि तपासल्याची तारीख एवढंच नोंदवावं. मूळ फाइल त्याच दिवशी काढून टाकावी, बॅकअपमध्येही ती जाणार नाही अशा जागी उतरवावी. सदस्यांत शाळकरी मुलं असणार. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्यांच्याकडून प्रमाणपत्र घेऊच नका.

तपासलेली आणि स्वतः सांगितलेली पातळी यांत फरक दाखवा, पण स्वतः सांगितलेली फिक्या करड्या रंगात टाकू नका. मराठी शिकणाऱ्या बहुतेकांकडे दाखवायला प्रमाणपत्रच नसतं, ते सगळे संशयित दिसतील. ‘स्वतःची नोंद’ आणि ‘परीक्षा’ असे शब्दच लिहा.

वेलांटी

मोबाइलवरच्या त्या दोन ओळींबद्दल. पहिल्या ओळीत घरच्या भाषा. दुसऱ्या ओळीत शिकत असलेली भाषा आणि तीन कौशल्यं: ‘जपानी: ऐकणं बी१, बोलणं ए२, वाचणं बी२’. तारे नकोत, रंगीत पट्ट्या नकोत. नुसत्या रंगाने सांगितलेली पातळी रंगांधळ्याला कळत नाही आणि स्क्रीन रीडर ती वाचत नाही. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ ठेवा. टिचकी मारली की वर्ष, आधार आणि ‘चुका कशा दुरुस्त कराव्यात’ हे उघडावं. दुरुस्तीची ती पसंती मला पातळीइतकीच मोलाची वाटते: सगळ्या चुका सांगा, अर्थ बिघडवणाऱ्याच सांगा, की आत्ता नुसतं बोलू द्या.

भाषेचं नाव दाखवणाऱ्या बिल्ल्यांची उंची इंग्रजी अक्षरांवर बेतलेली असते. त्यात ‘उर्दू’ लिहून बघा: वरचा रफार आणि खालचा ऊकार दोन्ही कापले जातात. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा आणि चौकटीबाहेरचा भाग झाकणारी ‘ओव्हरफ्लो हिडन’ ही सूचना काढा. उर्दूचं नाव नस्तालीकमध्ये लिहिणार असाल तर दुप्पट तरी लागेल. ते नाव उजवीकडून डावीकडे जातं, त्यामुळे त्याच्या पुढचा आकडा किंवा स्वल्पविराम उडी मारून भलतीकडे जातो. प्रत्येक भाषानाम एचटीएमएलच्या ‘बीडीआय’ टॅगमध्ये गुंडाळा, म्हणजे त्याची दिशा शेजारच्या मजकुरात मिसळणार नाही.

कळफलक

@पाटीपेन्सिल, जुन्या ताऱ्यांबद्दल. तीन तारे म्हणजे बी१ असं रूपांतर करू नका. त्या ताऱ्यांना कौशल्यच नव्हतं, तर ते कुठल्या रकान्यात घालणार? जुना स्तंभ जसाच्या तसा वेगळ्या तक्त्यात हलवा आणि शोधातून बाहेर काढा. पाच तारे असलेल्यांना फक्त ‘ही तुमच्या घरची भाषा आहे का?’ एवढं विचारा. एक ताऱ्याची नोंद झाल्यानंतर ज्यांनी ती कधीच बदललेली नाही, त्यांची ‘सांगितलं नाही’ अशी करा. दोन ते चार तारेवाल्यांना पुढच्या प्रवेशाच्या वेळी शाईदौत यांची विधानं दाखवा, फक्त त्या एका भाषेची जिच्यात त्यांनी अलीकडे काही लिहिलं आहे. उत्तर येईपर्यंत प्रोफाइलवर ‘शिकत आहे’ एवढंच दिसू द्या, आणि ‘नंतर’ म्हणणाऱ्याला महिनाभर पुन्हा विचारू नका.